हात न टेकता

२८ जून, मारुंजी

आज एका मुलीने मला खुर्चीतून उठायला सांगितलं आणि मला उठता आलं नाही.

मुलगी म्हणजे डॉ. अनुष्का. हिंजवडीच्या रस्त्यावर तिचा दवाखाना आहे. आत अत्तराचा वास, बाहेर टेम्पोवाले एकमेकांच्या खानदानाचा उद्धार करत असतात. तिने मला छातीवर हातांची घडी घालून नुसतं उभं राहायला सांगितलं. मला वाटलं, काय हा पोरखेळ. घातली घडी. पुढे झुकले, मागे आले, पुन्हा झुकले. बूड हलेना. शेवटी घडी सोडली, खुर्चीचे हात धरले आणि उठले.

त्यावर ती वळली ती रत्नदीपकडे. तपासायला आणलेली मी, पण बोलायचं माझ्या मुलाशी. आजींच्या मांड्यांत स्नायू फारसे उरलेले नाहीत. आजींची साखर वाढली आहे. आजींची हाडं ठिसूळ झालीत, पडल्या तर खुबा मोडेल. आजींना संध्याकाळची एक गोळी वाढवून देते. आजी तिथेच बसल्या होत्या. टेलिफोन खात्यात उभा जन्म काढलेल्या आजींचे कान अजून शाबूत आहेत. पण माझ्याशी न बोललेलं मी ऐकायचं नाही असं ठरवलं आणि भिंतीवरच्या सफरचंदाच्या चित्राकडे बघत राहिले. ती पुष्कळ काही सांगत होती, खायचं काय, चालायचं कसं, गोळी कशी घ्यायची. ज्याला सांगितलं त्याने ऐकलं असेल.

गाडीत रत्नदीपने निकाल सुनावला. दिवसभरासाठी एक बाई ठेवायची. खाली एकटीने फिरायला जायचं नाही, बाइकवाले धडकतात. आणि एक खुर्ची मागवायची. फोनवर चित्र दाखवलं. "बटण दाबलं की खुर्चीच तुला उठवते, आई."

"मग मी कधी उठायचं?" मी विचारलं.

त्याने गाडी पुढे काढली. सिग्नल सुटला होता.

माझ्या नवऱ्याला, सोपानलाही शेवटी अशीच खुर्ची होती. तिला बटण नव्हतं, इतकंच.

३ जुलै, माले

पळून आले. दुसरा शब्द नाही.

रत्नदीप आणि सून वृषाली आपापल्या लॅपटॉपसमोर दारं लावून बसले होते. पिशवी उचलली, बसने पौड गाठलं, तिथून जीप. ड्रायव्हरने पुढची सीट दिली. चढताना मी दाराला लोंबकळले ते त्याने पाहून न पाहिल्यासारखं केलं. त्याचं भलं होवो.

सोपान इथला. निवृत्त झाल्यावर त्याने भावाच्या घराला लागून दोन खोल्या बांधल्या, आणि त्यांत राहायच्या आधीच त्याला झटका आला. शेजारी दीर आणि जाऊ चंद्रकला. तिने मला पाहिलं आणि काही न विचारता चुलीवर चहा ठेवला. चंद्रकलेचा चहा म्हणजे पाक. नको म्हटलं.

संध्याकाळी रत्नदीप आला. गाडी खाली रस्त्यावर लावावी लागते, घर चढावर. दारात पोचला तेव्हा त्याला इतकी धाप लागली होती की पहिली दोन मिनिटं बोलताच आलं नाही. एवढा राग मी त्याच्यात कधी पाहिला नव्हता.

मग बोलला. संडास उकिडवं बसायचा आहे, दवाखाना लांब, पावसात वीज जाते, पडलीस तर कोण आहे. चंद्रकला उंबऱ्यातून म्हणाली, "रत्ना, पडायचंच असंल तर हितं पडू दे. उचलाया माणसं तरी हायेत. तितं नुसती लिफ्ट हाय."

शेवटी अट मीच घातली. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, आश्विन पौर्णिमेला संपतो. पावसाचे तीन महिने. संपेल त्या दिवशी विहारात, सगळ्यांसमोर, पंचांग प्रणाम करून जमिनीला हात न टेकता उठून दाखवीन. उठले तर मी इथेच राहीन. नाही उठले तर या खोल्यांना कुलूप, आणि मी तुझ्या बटणाच्या खुर्चीत.

त्याने माझी पिशवी उपसून औषधं शोधली. मग गोळ्यांचा डबा भरून दिला. त्यात 'सकाळ' आणि 'संध्याकाळ' असे कप्पे आहेत. एक तरी वचन दे, म्हणाला, औषध चुकवणार नाहीस.

ते दिलं. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर इमॅक्युलातांनी शिकवलेल्या दोनच गोष्टी माझ्याजवळ उरल्या आहेत. पाठ ताठ ठेवायची, आणि दिलेलं औषध गिळायचं.

५ जुलै

ही डायरी कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते. आज संडासात अडकले.

बसले व्यवस्थित. उठणं जमेना. पाय आधी थरथरले, मग बधिर झाले. बाहेरून चंद्रकलेने विचारलं, "आक्का, येऊ का आत?" मी म्हटलं, खबरदार. नळाला धरून स्वतःला वर ओढलं, तेव्हा नळ हातात आला.

बाहेर येऊन सांगितलं की नळ कुजका होता.

"व्हय," ती म्हणाली, "लई जुना. औंदा शिमग्याला बसवलेला."

१० जुलै, आषाढ पौर्णिमा

विहार वाडीच्या वरच्या अंगाला आहे. वर्षावासात रोज सांजेला वंदना होते आणि मग ग्रंथवाचन. ग्रंथ मी वाचावा असं ठरलं, माझा आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचतो म्हणून. ठरवलं कोंडिबाने. वंदना तोच घेतो. दात कमी, उच्चार स्वच्छ. तोंडभर कौतुक करून त्याने माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची पुढे सरकवली. "आक्का, तुमी वर बसा."

मी खाली बसले. वाचन उत्तम झालं. त्यानंतर मला दोघींनी बगलेत हात घालून उठवलं, पोतं उठवतात तसं. मुली हसल्या नाहीत, हे जास्त लागलं.

म्हणून तिथल्या तिथे ठरवलं. पौर्णिमेला अष्टशील घेतात, त्यात दुपारी बारानंतर जेवायचं नाही. मी ते संपूर्ण वर्षावास, रोज पाळणार. कोंडिबा म्हणाला, "रोज नगा धरू आक्का. पौर्णिमा, अष्टमी धरा, बास." पण साखर कमी करायची तर खाणं कमी करायचं, हे पाचवीतल्या पोरीलाही कळेल. त्यासाठी मला अत्तराच्या दवाखान्याची गरज नाही.

१४ जुलै

झकास चाललं आहे.

सकाळी बांधावरून चालते. चंद्रकलेच्या खाचरात लावणी सुरू आहे. मी बांधावर उभी राहून भाताच्या रोपांच्या जुड्या पुढे करते. चिखलात उतरायचं अजून धाडस नाही. बाराच्या आत नाचणीची भाकरी आणि टाकळ्याची भाजी. मग दुसऱ्या सकाळपर्यंत काही नाही. संध्याकाळची गोळी घेते आणि विहाराचा चढ चढते.

बांगड्या सहज वर सरकतात आता. ब्लाऊजही सैल लागतो. मारुंजीला असताना हे कुणाला जमलं होतं?

ग्रंथ धरताना संध्याकाळी हात थरथरतात. हवेत ओल फार आहे.

१९ जुलै

वृषालीचा फोन आला, मी विहारात निघाले होते तेव्हाच. म्हणाली, "आई, जेवलात का?" साधा प्रश्न. मी तिला सांगितलं की मी काय खाते याची चौकशी करण्यापेक्षा तुमच्या दारात रोज खोके घेऊन कोण उभा असतो ते बघा, घरात चूल आहे की शोभेचा ओटा, आणि तुझ्या नवऱ्याच्या पोटाचा घेर मोजून मग मला फोन कर. अजूनही बरंच बोलले. काय, ते आता नीट आठवत नाही.

ती शांतपणे म्हणाली, "बरं आई, सकाळी करते."

बाहेर गार वारा होता, आणि माझा ब्लाऊज घामाने पाठीला चिकटलेला. राग आला की घाम फुटतो हे मला या वयात कळलं.

२४ जुलै

कोंडिबाला मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, मला खुर्ची नको. तरी आज मी वाचता वाचता एकच ओळ दोनदा वाचली, आणि त्याने खुर्ची आणून माझ्यामागे ठेवली. शब्दाने बोलला नाही, हळूच ठेवली. मी उठले. हात टेकून, धडपडत, पण उठले. ती खुर्ची उचलली आणि दारातून बाहेर भिरकावली. ती पायरीवर आपटली आणि तिचा पाय मोडला.

मग मी वाचन पूर्ण केलं. कुणी हललं नाही.

परतताना चंद्रकलेने माझा दंड धरला होता. मी झटकला नाही. पायांखालचा रस्ता जरा कापसासारखा लागत होता.

२६ जुलै

चंद्रकलेने आज भांडी घासता घासता सांगितलं. विहारात खुर्ची एकच होती, ती कोंडिबाची. त्याच्या गुडघ्यांना बसवत नाही, म्हणून त्याच्या लेकाने आणून दिलेली. "ती त्यानं तुमाला दिली. आता खाली बसतुया आन् रातभर शेकत बसतुया."

मला काय माहीत? पाटी लावली होती का खुर्चीवर?

दुपारी त्याच्या घरी गेले. माफी मागितली, ताठ पाठीने. त्याने पाट पुढे केला आणि म्हणाला, "आक्का, दुपारच्या तुमी लई ग्वाड बोलता. सांजच्यालाच काय हुतं तुमाला?"

या बोलण्याचा अर्थ विचारायच्या आधीच मला राग आला. तोही भर दुपारी. त्याचा सिद्धांत तिथेच बाद झाला.

४ ऑगस्ट, मारुंजी

परवाचं लिहायचं आहे. काही मला आठवतं, काही चंद्रकलेने सांगितलं.

परवा पहिल्यांदाच चिखलात उतरले होते. खाचरातलं गवत काढायला. छान वाटलं म्हणून दुपारनंतरही उतरले. घरी येऊन गोळी घेतली, चढ चढून विहारात गेले, ग्रंथ उघडला. अक्षरं पाण्यातल्या मासोळ्यांसारखी इकडून तिकडे. पुढचं मला ठाऊक नाही. चंद्रकला सांगते की मी ग्रंथ मिटला, उभी राहिले, हात जोडले आणि इंग्रजीत प्रार्थना म्हणायला लागले. शाळेत सिस्टर सकाळी रांगेत उभं करून म्हणून घ्यायच्या ती. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, खणखणीत. तथागतांच्या मूर्तीसमोर. लोकांना वाटलं ग्रंथातच आहे. कोंडिबाने शेवटी 'साधू, साधू, साधू' म्हटलं.

मग मी चंद्रकलेच्या अंगावर कलंडले.

तिला वाटलं हिव भरलं. तिने समोरच्या घरातून चहा मागवला, वर आणखी दोन मुठी साखर ओतली आणि माझं तोंड उघडून थोडा थोडा पाजला. तिच्या मते चहाने काहीही बरं होतं, मोडलेलं हाडसुद्धा. हनुवटीवरून चहा ओघळत असताना मी शुद्धीवर आले आणि म्हटलं, "शील मोडलंस माझं."

"शीलच मोडलं न्हवं," ती म्हणाली, "खुबा तर न्हाई?"

रत्नदीप रात्रीतच आला. काल सकाळी दवाखाना. चंद्रकलाही गाडीत बसून आली, कुणी बोलावलेलं नसताना. डॉ. अनुष्काने रत्नदीपला विचारलं की आजी गोळी रात्रीच्या जेवणाआधीच घेतात ना. रत्नदीप म्हणाला, मी डबा भरून दिला होता.

"कुठलं रात्रीचं जेवण?" मी म्हटलं. "मी दुपारनंतर जेवत नाही."

रत्नदीपचा चेहरा असा झाला की मी नजर काढून घेतली. डॉक्टर माझ्याकडे वळली. "आजी..."

"आशालता," मी म्हटलं.

तिने खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली. "आशालताबाई, गोळी साखर खाली ओढते. पोटात काही नसलं तर ओढतच जाते. काल तुम्ही वाचलात ते चहामुळे."

चंद्रकलेने पदर सावरला. आता हे ती मला मरेपर्यंत ऐकवणार.

पुढचं मला जास्त बोचलं. वजन उतरलं म्हणून मी मिरवत होते, ती म्हणाली, त्यातला मोठा वाटा चरबीचा नव्हता, स्नायूंचा होता. या वयात नुसतं उपाशी राहिलं की शरीर आधी मांड्या खातं. ज्या मांड्यांनी उठायचं, त्याच मी उपाशी मारत होते.

"संध्याकाळी चिडचिड होत होती का?" तिने विचारलं.

"चिडचिड?" चंद्रकला म्हणाली. "खुर्ची भिरकावली की वो."

डॉक्टरने मान डोलावली, जणू खुर्ची भिरकावणं हे एक लक्षण आहे. नोंद करून ठेवते, मला हे संपूर्ण मान्य नाही. थोडा राग साखरेचा असेल. बराचसा माझा स्वतःचा आहे आणि तो मी कुठल्याही गोळीच्या नावावर करणार नाही.

रत्नदीप म्हणाला, आता विषय संपला, तू इथेच राहायचं. मी त्याला डॉक्टरसमोरच सांगितलं. तिने तुला सांगितलं, तू डब्याला सांगितलंस. गिळणाऱ्या बाईला कुणी सांगितलं? तुम्हा दोघांना माझी एवढी काळजी, की मला विचारायला सवड झाली नाही.

हे अर्धंच खरं आहे, म्हणून इथे पूर्ण करते. मी सफरचंद बघत होते.

डॉक्टरने संध्याकाळची गोळी बंद केली. सकाळचीच ठेवली, न्याहारीबरोबर. दोन्ही वेळा जेवायचं, त्यात डाळ, अंडं, मासळी हवीच. चालणं ठेवायचं, पण मांड्यांसाठी खुर्चीतून उठ-बस, रोज, दमेपर्यंत. "माले चालेल," रत्नदीपला ती म्हणाली, मग थांबून माझ्याकडे बघून तेच पुन्हा म्हणाली. "माले चालेल. उपास चालणार नाही."

९ ऑगस्ट, माले. श्रावण पौर्णिमा

परत आले. रत्नदीपने सोडलं. अट अजून उभी आहे, एवढंच दारात म्हणाला, आणि मी पुन्हा पडले तर अटही राहणार नाही.

कोंडिबाला सांगायला गेले की मला शील सोडावं लागतंय. तो म्हणाला, आजारी माणसाला सूट असते.

"मी आजारी नाही."

"न्हाई ना? मग जेवा की. निरोगी माणसानं उपाशी का ऱ्हावं?"

उठले आणि घरी आले.

सूर्य असतानाच जेवले. चंद्रकला समोर बसून प्रत्येक घास मोजत होती. तिला सांगितलं, मी म्हैस नाही. ती म्हणाली, म्हशीला एवढं सांगावं लागत नाही.

२१ ऑगस्ट

आधी हातांच्या खुर्चीतून उठायचं. मग बिनहातांच्या. मग चौरंगावरून. मग पाटावरून. मग जमिनीवरून. ही उतरंड मी ठरवली, डॉक्टरने फोनवर मान्य केली. फोन मला केला होता, माझ्या नंबरवर. नाव घेऊन बोलली. मुलगी शिकते आहे.

चौरंगापर्यंत आले आहे. उठताना तोंडातून जो आवाज निघतो तो कॉन्व्हेंटला शोभणारा नाही.

खाण्याचं म्हणाल तर हुलग्याचं पिठलं, अंडं, मूग, सुकट, आणि ओढ्याचे खेकडे. खेकड्याने गुडघे बळकट होतात असं चंद्रकलेचं ठाम मत आहे, कारण त्याला इतके पाय असून तो एकदाही पडत नाही. शास्त्र शून्य, रस्सा अप्रतिम. साखरेचं मी तिला समजावते तर म्हणते, "मला न्हाई हुयाची. मी विचार करत न्हाई." तिची तपासणी करून घेतली पाहिजे. पौडच्या शिबिराला धरून नेणार आहे.

संध्याकाळी हात थरथरत नाहीत. हवा तेवढीच ओली आहे.

१२ सप्टेंबर

आज पाटावरून उठता येईना. काल आलं होतं. काल आलेलं आज येत नाही, याचा अर्थ काय? डॉक्टर म्हणते, असं होतंच. होतंच म्हणे.

बसून राहिले त्या पाटावर आणि सोपान आठवला. झटका आल्यानंतर पहिल्या महिन्यात तो भिंत धरून दारापर्यंत यायचा. मग आम्ही त्याला खुर्ची आणली. पाणी खुर्चीत, जेवण खुर्चीत, पेपर खुर्चीत. उठायला लागला की सगळे एकदम धावायचे, बसा बसा, काय हवं सांगा. सगळे प्रेमानेच धावायचे. रत्नदीप सगळ्यांत पुढे. तेव्हा तो कॉलेजात होता.

एका वर्षात सोपानला दार लांब झालं.

उद्या पुन्हा चौरंगापासून.

२८ सप्टेंबर

रिपोर्ट आले. साखर उतरली आहे, अजून हवी तिथे नाही. हाडं होती तशीच. डॉक्टर स्पष्ट बोलली, हाडं लगेच भरत नाहीत, काही तर कधीच भरणार नाहीत. मांड्या बळकट असल्या तर पडण्याचा धोका कमी होतो, संपत नाही. म्हणजे हे सगळं करूनही मी एक दिवस बांधावरून घसरू शकते. विचारलं, मग करायचं कशाला? म्हणाली, "घसरल्यावर उठायला."

हे उत्तर मला आवडलं. तिला सांगितलं नाही.

जमिनीवरून अजून उठता येत नाही. अर्ध्यात येते आणि हात आपोआप खाली जातो. आठवडा राहिला. चंद्रकला म्हणते, टेकला तर टेकला. तिला कसं सांगू की कुलूप रत्नदीपने आणूनही ठेवलं असेल.

वृषालीचा फोन आला होता. तिची मी माफी मागितली, आता हे लिहून मोकळी होते. ती म्हणाली, रत्नदीपला झोप येत नाही हल्ली. ऑफिसातून मध्ये तपासणी झाली, त्यानंतर... आणि थांबली. मग म्हणाली, काही नाही आई, पौर्णिमेला भेटू. दोघांचं काहीतरी बिनसलेलं दिसतं. मी विचारलं नाही.

६ ऑक्टोबर, आश्विन पौर्णिमा

सोमवार असूनही दोघांनी रजा घेतली. चढ चढून आल्यावर रत्नदीप ओट्यावर टेकला आणि बाहीने घाम पुसत राहिला. सोबत रिकामी सुटकेस होती, माझ्या सामानासाठी. मी ती पाहिली, त्याने मला पाहताना पाहिलं.

समारोप म्हणून वंदना आज दुपारीच होती. विहार भरला होता. कोंडिबाच्या लेकाने नवी खुर्ची आणून दिली आहे. आज कोंडिबा तिच्यावर बसला नाही, चौरंगावर बसला. मी कुणाला शिकवायला गेले नव्हते. बघून बघून शिकतात लोक.

मी पुढे बसले. माझ्यामागे रत्नदीप मांडी घालून बसला, सगळ्यांसारखा. वंदना झाली. ग्रंथाचं शेवटचं प्रकरण मी वाचलं, एकही ओळ न चुकता. मग पंचांग प्रणाम. गुडघे, हात, कपाळ जमिनीला. थंड फरशी, उदबत्तीची राख. हात उचलून जोडले. आता उठायचं.

उजवं पाऊल पुढे ठेवलं. डाव्या गुडघ्यावर सगळा भार. मांड्या भाजायला लागल्या. हात सुटला आणि खाली निघाला. मी तो उजव्या गुडघ्यावर ठेवला, दाबला, आणि उठले.

जमिनीला हात टेकला नाही. गुडघ्याला टेकला. गुडघा माझाच आहे, त्यावर हरकत असेल तर बोलून दाखवा, असं मनात म्हणत मी वळले.

रत्नदीप बघत नव्हता. तो प्रणामातून मागे येऊन फरशीवर एका कुशीला बसला होता आणि उठायचा प्रयत्न करत होता. एक हात जमिनीवर, दुसरा भिंत शोधत होता, भिंत लांब. पोट मध्ये येत होतं. पुढे झुकला, मागे आला, पुन्हा झुकला. कपाळावर घाम. आजूबाजूची माणसं वळून दुसरीकडे बघायला लागली, शहाण्यासारखी.

ते झुकणं मी ओळखलं. ती पहिल्या दिवशीची धापही, जी मी राग समजले होते.

मी गेले, पाय फाकवून उभी राहिले आणि हात पुढे केला.

"नको आई," तो हळूच म्हणाला, "तू पडशील."

"मुकाट्याने धर."

त्याने धरला. भार टाकला, चांगलाच टाकला. माझ्या मांड्यांनी तो घेतला.

बाहेर ओट्यावर खिरीचं वाटप चाललं होतं. त्याने वाटी घेतली आणि तशीच धरून उभा राहिला.

"किती आली?" मी विचारलं.

त्याने कशाची म्हणून विचारलं नाही. "तुझ्याहून जास्त," म्हणाला. "बीपीपण. बाबांना झटका आला तेव्हा त्यांचं होतं ना, तेवढं." मग म्हणाला, "तुला सांगणार होतो."

केव्हा सांगणार होतास, हे मी विचारलं नाही. वृषाली डोळे पुसत होती. चंद्रकलेने त्याच्या हातातली वाटी काढून घेतली आणि स्वतः खाल्ली.

अंधार पडायच्या आत आम्ही चौघे जेवलो. भाकरी, हुलगे, अंड्याची आमटी. मग रत्नदीपने सुटकेस उचलली आणि खाली गाडीत नेऊन ठेवली, रिकामीच. परत वर आला तेव्हा दारात थांबून श्वास घेत होता. मी थांबू दिलं. कुणी धावलं नाही.

दर शनिवारी यायचं ठरलंय. पाट दाखवला तर त्याच्यावरच बसायला निघाला. म्हटलं, तिथून नाही, खुर्चीपासून सुरुवात करायची असते. हातांची घडी घाल आणि ऊठ.

नाही उठता आलं. मी त्याला आजोबा म्हटलं नाही.